स्प्रेडरची फेक

मे महिन्यात आमच्या गल्लीतून एक चक्कर मारली, की कुणाच्या लॉनवर खत कसं पडलंय ते रस्त्यावरूनच कळतं. गडद हिरवा पट्टा, शेजारी फिकट पिवळसर, पुन्हा गडद. पट्टे सरळ असतील तर स्प्रेडर, म्हणजे खत फेकायची हातगाडी, ढकलणारा माणूस सरळ चालला, पण दोन फेऱ्यांमधलं अंतर चुकलं. कडेला, वळणाच्या जागी गडद चंद्रकोरी उमटल्या असतील तर वळताना खत सोडणारी झडप उघडी राहिली. आणि एखादा जळका, भुरा ठिपका दिसला तर स्प्रेडर लॉनवरच उभा करून भरला आणि खत तिथं सांडलं. गवत सगळी नोंद ठेवतं आणि तीन-चार आठवड्यांनी दाखवतं.

मी न्यू जर्सीत, सॉमरसेट काउंटीत राहते. इथली माती तांबूस, चिकट, खाली लाल शेल खडक. घराभोवती सहा हजार चौरस फुटांच्या आसपास लॉन आहे, पुढे थोडं, मागे जास्त. सुरुवातीची काही वर्षं एक कंत्राटदार येऊन खत टाकून जायचा. पोरं त्या गवतावर अनवाणी लोळतात, आणि कोणत्या दिवशी काय पडलं हे मला माहीत नसायचं. ते मला पटेना. म्हणून फ्लोरिडाला राहायला निघालेल्या शेजारीणबाईंनी त्यांचा जुना स्प्रेडर देऊ केला, तेव्हा तो घेतला आणि हे काम स्वतःकडे घेतलं.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन चाकांच्या गाड्यावर नरसाळ्याच्या आकाराचं प्लॅस्टिकचं भांडं असतं, त्याला हॉपर म्हणतात. तळाला भोकं, भोकांखाली सरकणारी झडप. झडप किती उघडायची ते हँडलजवळच्या डायलवर ठरवायचं आणि खटका दाबून ती उघडायची-मिटायची. झडपेखाली फिरती तबकडी, तिच्यावर उभ्या पट्ट्या. चाकाचा आस गिअरबॉक्समधून ही तबकडी फिरवतो. दाणे तबकडीवर पडतात आणि पंख्यासारखे दोन्ही बाजूंना फेकले जातात. घरगुती यंत्रांत बहुतेक वेळा दोनांपैकी एकच चाक आसाला जखडलेलं असतं, दुसरं मोकळं फिरतं. या रचनेला मोटर नाही, बॅटरी नाही. जे काही होतं ते चालणाऱ्याच्या पावलानं होतं.

आणि सगळी मेख तिथंच आहे. झडपेतून खत खाली पडतं ते वजनानं, म्हणजे सेकंदाला ठरावीक मापानं. तुम्ही हळू चाललात तर तेवढंच खत कमी जमिनीवर पडतं, शिवाय तबकडी मंद फिरल्यामुळे ते लांब जात नाही, मधेच साचतं. भरभर चाललात तर उलट. खताच्या पिशवीवर प्रत्येक कंपनीच्या स्प्रेडरसाठी डायलचा आकडा छापलेला असतो, तो साधारण ताशी तीन मैलांची चाल गृहीत धरून. ताशी तीन मैल म्हणजे २० सेकंदांत ८८ फूट. मी मागच्या अंगणात ८८ फुटांवर दोन खुंट्या ठोकल्या आणि फोनवर घड्याळ लावून रिकामा स्प्रेडर ढकलत ती चाल पायात बसवली. ही चाल वाटते त्यापेक्षा बरीच झपाझप आहे. भाजी निवडत फिरतो तशी नव्हे, बस गाठायची आहे पण अजून पळायची वेळ आलेली नाही, तशी.

त्या वर्षी सप्टेंबरात सासरे आले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आजऱ्याकडचे. जन्मभर भात आणि ऊस केला. मी खुंट्यांमधून ये-जा करतेय हे ते पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, ‘‘खाचरात युरिया फोकताना आमचंबी हेच. पाऊल आणि मूठ एका तालात. पाऊल अडखळलं की तिथं भात काळा पडतोय.’’ मग उठून आले आणि यंत्र एकदा ढकलून बघितलं. ‘‘हिथं मूठ यंत्राची हाय. पाऊल तेवढं तुझं.’’

पिशवीवरचा आकडा नव्या यंत्राचा असतो. माझं यंत्र जुनं, झडपेचा दांडा थोडा सैल, आणि मी पाच फूट एक इंच. उंचीचा काय संबंध असं वाटेल, पण आहे. तबकडी जमिनीला समांतर राहिली पाहिजे. हँडल खाली दाबलं की तबकडी पुढून उचलली जाते आणि दाणे वर उडतात; हँडल वर उचललं की पुढ्यात आपटतात. माझ्या यंत्राचं हँडल दोन भोकांत बसवता येतं, मी ते खालच्या भोकात घेतलं आणि हॉपरच्या काठावर फोनमधली पाणसळ ठेवून सपाटी पाहिली. अण्णा उंच आहेत. त्यांना तेच यंत्र जरा वाकून धरावं लागत होतं. घरात दोघंजण आळीपाळीनं हे काम करत असतील तर हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता मूळ प्रश्न. हे यंत्र, या खताला, माझ्या चालीनं, नेमकं किती लांब आणि कसं फेकतं? पिशवी ते सांगू शकत नाही. ते मोजावं लागतं. मोजायची रीत जुनी आणि सोपी आहे: जमिनीवर आडव्या रांगेत उथळ ट्रे मांडायचे, स्प्रेडर रांगेच्या मधून न्यायचा, आणि कोणत्या ट्रेमध्ये किती पडलं ते बघायचं.

डॉलर स्टोअरमधून ॲल्युमिनियमचे एकसारखे ट्रे आणले. दर फुटाला एक, मधोमध एक आणि दोन्हीकडे आठ-आठ. चाकं जातात तिथले दोन ट्रे जरासे बाजूला सरकवले. गुळगुळीत ट्रेमध्ये पडलेला दाणा उसळून बाहेर जातो, म्हणून तळाशी जुन्या टर्किश टॉवेलचे तुकडे घातले. ही युक्ती अण्णांची. हॉपर अर्धा भरला, झडप निम्मी उघडली, रांगेच्या बरंच आधी चालायला लागले म्हणजे तबकडी पूर्ण वेगात येते, आणि रांग ओलांडून पुढे गेल्यावरच झडप मिटली. एका फेरीत ट्रेमध्ये मोजण्याइतकं खत जमत नाही, तेव्हा तशाच फेऱ्या आणखी घेतल्या, सगळ्या एकाच दिशेनं. दिशा बदलली तर डावं-उजवं मिसळून जातं आणि सगळ्या मेहनतीवर पाणी.

मग पोरांच्या खोकल्याच्या औषधाबरोबर येतात ते मापाचे छोटे प्लॅस्टिकचे पेले घेतले. घरात साठलेलेच असतात. प्रत्येक ट्रेमधलं खत एकेका पेल्यात ओतलं आणि पेले त्याच क्रमानं ओट्यावर मांडले. आणि तिथं यंत्राची फेक उभी राहिली: मधे उंच, दोन्हीकडे उतरत गेलेली टेकडी. मधल्या पेल्यात १२ मिली. उजवीकडे पाचव्या फुटावर ६ मिली. डावीकडे मात्र पाचव्या फुटावर ८, आणि ६ मिली सापडलं ते सहाव्या फुटावर. अण्णांनी पेल्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘‘ह्ये डावीकडं जास्त टाकतंय बघ की.’’

मधल्याच्या निम्मं खत जिथं पडतं, ती खरी उपयोगी हद्द. तिथून पुढे दाणे जातात, दहा-दहा फुटांवर जातात, पण त्यांचा भरवसा नाही. शेजारची फेरी अशी घ्यायची की तिची निम्म्याची हद्द हिच्या निम्म्याच्या हद्दीवर येईल. निम्मं अधिक निम्मं मिळून पूर्ण. म्हणजे माझ्या यंत्राची कामाची रुंदी उजवे ५ आणि डावे ६ मिळून ११ फूट. दाणे वीस फूट पसरताना दिसतात म्हणून वीस फुटांवर पुढची फेरी घेतली, की गल्लीत दिसतात ते पट्टे तयार होतात.

डावं-उजवं असमान का पडतं, याचं कारण तबकडीत आहे. दाणा तबकडीवर एका ठरावीक जागी पडतो, पट्टीला लागून कडेपर्यंत सरकतो, आणि तेवढ्यात तबकडी काही अंश फिरलेली असते. दाण्याचा आकार, वजन, खडबडीतपणा बदलला की कड सोडायची जागा बदलते. म्हणून एका खताला बरोबर असलेलं यंत्र दुसऱ्याला वाकडं फेकतं. काही यंत्रांत खत तबकडीवर कुठं पडावं हे पुढे-मागे करता येतं. माझ्यात तशी सोय नाही. सोय नसेल तर चालायच्या पद्धतीत जुळवून घ्यायचं. आपण जाऊन-येऊन नांगरट करतो तशा फेऱ्या घेतल्या तर परतीच्या वाटेवर डावी बाजू डाव्या बाजूला भिडते आणि उजवी उजवीला. तेव्हा माझ्या यंत्रानं दोन वाटांमधलं अंतर एकदा १२ फूट आणि पुढच्या वेळी १० फूट ठेवायचं. सगळीकडे ११ ठेवलं तर एक सांधा दाट आणि एक विरळ होतो. ही बारीक गोष्ट मला कुठल्या पिशवीवर छापलेली आढळली नाही, पेल्यांच्या रांगेतून कळली. लॉनच्या कडेला मी छोटी रंगीत निशाणं रोवते, १२-१०-१२-१०, आणि समोरच्या निशाणावर नजर ठेवून चालते. चाकाकडे बघत चाललं की वाट वाकडी होते.

रुंदी कळली, आता प्रमाण. खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश. २०-०-५ म्हणजे वजनाच्या २० टक्के नत्र. न्यू जर्सीत २०११ साली खतांचा कायदा झाला. बार्नेगॅट खाडीत नत्र साचून शेवाळ आणि जेलीफिश माजले होते, त्यातून तो आला. घरमालकानं एका वेळी १००० चौरस फुटांना ०.९ पौंडांपेक्षा जास्त नत्र टाकायचं नाही, वर्षभरात ३.२ पौंडांपेक्षा जास्त नाही. नत्रातला किमान पाचवा हिस्सा सावकाश विरघळणारा हवा. मातीची तपासणी झाल्याशिवाय स्फुरद टाकता येत नाही, नवं गवत पेरताना मात्र चालतं. म्हणूनच मधला आकडा शून्य. १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत पूर्ण बंद. काही शेजाऱ्यांना हे जाचक वाटतं. मला वाटत नाही. आमच्या रस्त्याकडेच्या जाळीतून गेलेलं पावसाचं पाणी कुठंही शुद्ध न होता ओढ्यात आणि ओढ्यातून रॅरिटन नदीत जातं. गवत जे शोषू शकत नाही ते टाकण्यात गवताचं काही भलं नाही, आणि नदीचं तर नाहीच.

हिशेब सोपा आहे. ०.९ भागिले ०.२० म्हणजे ४.५ पौंड खत १००० चौरस फुटांना. मी ते दोन भागांत टाकते: निम्मं, म्हणजे सव्वादोन पौंड, उभ्या फेऱ्यांत आणि निम्मं आडव्या फेऱ्यांत. एका दिशेत काही उणं-अधिक झालंच तर दुसरी दिशा ते झाकते. झडप सव्वादोन पौंडांवर बसवायची कशी? ११ फूट रुंदीनं १००० चौरस फूट म्हणजे ९१ फूट लांब एक फेरी. भारतात जाताना बॅगा तोलायचा जो हातकाटा प्रत्येक मराठी घरात असतो, तो काढला. खत बादलीत तोललं, हॉपरमध्ये ओतलं, ९१ फूट चालले, उरलेलं परत बादलीत ओतून तोललं. डायल मुद्दाम पिशवीवरच्या आकड्याच्या बराच खाली ठेवून सुरुवात केली. कमी पडलेलं वाढवता येतं, पडलेलं उचलता येत नाही. हळूहळू आकडा वर नेत सव्वादोन पौंडांच्या जवळ पोचले आणि तो आकडा मार्करनं हॉपरच्या आतल्या बाजूला लिहिला, खताच्या नावासकट. मोजणीत जिथं खत पडलं त्या पट्ट्याला उरलेल्या कामातून वगळलं.

पिशवीवरच्या आकड्यात आणि माझ्या आकड्यात फरक निघाला, आणि तो दुर्लक्ष करण्याएवढा नव्हता. माझं यंत्र पिशवीच्या अंदाजापेक्षा जास्त टाकत होतं.

प्रत्यक्ष काम मग पटकन होतं. आधी लॉनच्या दोन्ही टोकांना आडवी फेरी घेऊन ठेवायची, म्हणजे वळायला जागा मिळते. मधल्या फेऱ्यांत त्या पट्टीपर्यंत आलं की झडप मिटायची, वळायचं, चालायला लागायचं आणि मग उघडायची. पाय आधी, झडप नंतर. झडप आधी मिटायची, पाय नंतर थांबवायचे. वळताना झडप मिटलेलीच हवी, कारण वळणात जखडलेलं चाक आत आहे की बाहेर यावर तबकडीचा वेग बदलतो. हॉपर भरायचा तो ड्राइव्हवेवर, ताडपत्री अंथरून, झडप मिटली आहे याची खात्री करून. ड्राइव्हवे किंवा फुटपाथच्या बाजूनं जाताना डिफ्लेक्टर, म्हणजे एका बाजूची फेक अडवणारी पट्टी, खाली करायची. तरी काही दाणे सिमेंटवर उडतातच. ते झाडूनं परत गवतात लोटायचे. कायदाही तेच सांगतो. ओढ्याच्या किंवा तळ्याच्या २५ फुटांच्या आत खत टाकायचं नाही, डिफ्लेक्टर असेल तर हे अंतर १० फूट धरतात. जोराचा पाऊस येणार असेल त्या दिवशी स्प्रेडर गॅरेजमध्येच बरा. पानं कोरडी असताना टाकावं आणि नंतर हलकं पाणी द्यावं, म्हणजे दाणा पानावर चिकटून पान जाळत नाही.

वर्षाचा क्रम आता असा बसला आहे. एप्रिलच्या सुमाराला फोर्सिथियाची पिवळी फुलं गळायला लागली की क्रॅबग्रास उगवू न देणारं दाणेदार औषध. त्या तणाचं बी जमीन ५५ अंश फॅरनहाइटला पोचली की रुजायला लागतं, त्याच्या आधी औषधाचा थर मातीत बसलेला हवा. या कामात फेक सर्वांत कसोटीला लागते: दोन फेऱ्यांच्या मधे जिथं खंड पडेल, तिथं जुलैमध्ये बरोबर तेवढ्याच रुंदीची क्रॅबग्रासची रांग उभी राहते. पण ज्या वसंतात बी पेरायचं असेल त्या वसंतात हे औषध नको, ते चांगल्या बियालाही रुजू देत नाही. खताचं मुख्य काम मी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ठेवते. आमच्याकडचं टॉल फेस्क्यू आणि ब्लूग्रास ही थंडीची गवतं. त्यांची मुळं पानगळीच्या दिवसांत जोरात वाढतात. उन्हाळ्यात ती कशीबशी तग धरून असतात, तेव्हा त्यांना नत्र देऊन पानं वाढवायला लावणं मला क्रूर वाटतं.

रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडून माती तपासून घेतली तेव्हा माती आम्ल निघाली आणि चुना सुचवला होता. चुन्याची भुकटी या यंत्रात चालत नाही. ती भोकात अडते आणि बाहेर पडली तर धुरळा होऊन चेहऱ्यावर येते. गोळीदार चुना घ्यावा. तो खतापेक्षा कितीतरी जास्त लागतो, १००० चौरस फुटांना चाळीस-पन्नास पौंड, आणि जड असतो. हॉपर काठोकाठ न भरता अर्ध्यावर ठेवून जास्त वेळा भरला, तर चढावर ढकलताना चाल मोडत नाही.

गवताच्या बियाची गोष्ट आणखी निराळी. बी हलकं, लांबट. तेच ट्रे मांडून पाहिलं तर निम्म्याची हद्द साडेतीन फुटांवरच आली. म्हणजे रुंदी फक्त सात फूट, आणि वाऱ्याची झुळूक आली तर तीही नाही. बी सकाळी, वारा पडलेला असताना टाकते. टॉल फेस्क्यूला नव्या लॉनसाठी १००० चौरस फुटांना सहा ते आठ पौंड बी धरतात, जुन्या गवतात दाटी करायला त्याच्या निम्मं. हॉपरच्या तळाशी एक आडवी काडी फिरत असते, ती बी ढवळत राहते. ती वाकली किंवा निसटली असेल तर खताला फारसा फरक पडत नाही, पण बी भोकावर कमान धरून बसतं आणि तुम्ही नुसतेच चालत राहता. म्हणून बी टाकताना अधूनमधून मागे वळून नाही, तर हॉपरमध्ये बघायचं: पातळी उतरतेय ना?

देखभाल हा या यंत्राचा अर्धा जीव आहे. युरिया, अमोनियम सल्फेट, पोटॅश ही सगळी हवेतलं पाणी ओढणारी खतं आहेत. काम झाल्यावर हॉपरमध्ये मूठभर खत राहिलं तर एका दमट रात्रीत त्याचा चिखल होतो, चार दिवसांत दगड, आणि एका मोसमात आस गंजतो. उरलेलं खत लगेच पिशवीत परत जातं, पिशवीचं तोंड घट्ट चिमट्यानं बंद. मग स्प्रेडर गवतावर, ड्राइव्हवेवर नव्हे, आडवा करून होजनं धुवायचा. धुवणाचं पाणीही खतच आहे, ते जाळीत जाऊ नये. तबकडीच्या पट्ट्यांना चिकटलेला थर जुन्या टूथब्रशनं काढायचा. ही पट्टी नुसती चिकट झाली तरी फेक बदलते, आणि मग ट्रे मांडून केलेलं सगळं मोजमाप फुकट. भोकांच्या कडा, झडपेची खाच, आसाची दोन्ही टोकं, गिअरबॉक्सच्या खालचा कोपरा, इथं बोट घालून बघते. नंतर झडप पूर्ण उघडी ठेवून उन्हात पूर्ण वाळवायचा.

वाळल्यावर वंगण. आसाच्या बुशांना हलकं तेल चालतं, पण जास्तीचं पुसून. झडपेला आणि तबकडीच्या आसपास तेल-ग्रीस लावू नये. खताची भुकटी त्यात बसते आणि त्याची कानस होते. तिथं कोरडं सिलिकॉन किंवा ग्रॅफाइट. गिअरबॉक्स काही यंत्रांत कायमचा बंद असतो, तो उघडायचा नाही. माझा उघडता येतो. हिवाळ्याआधी जुनं घट्ट झालेलं ग्रीस काढून नवं भरते. दात फार झिजले असतील तर चाक हातानं फिरवताना मधेच तबकडी अडखळते, ते कानालाही कळतं.

तबकडी फिरेनाशी झाली तर आधी चाकाजवळची पिन बघा. जखडलेल्या चाकाला आसाशी बांधणारी छोटी कॉटर पिन असते. ती तुटली की चाक फिरतं, आस फिरत नाही. हार्डवेअरच्या दुकानात काही सेंटमध्ये मिळते. दोन-चार जास्तीच्या आणून हँडलला टेपनं चिकटवून ठेवाव्यात. हवेची चाकं असतील तर दोन्हींत हवा सारखी हवी. एक चाक बसलेलं असेल तर यंत्र कलतं, आणि कललेल्या तबकडीनं सगळी फेक एका अंगाला जाते.

झडपेचा दांडा कालांतरानं सैल होतो. डायल शून्यावर असून बारीक फट राहते, किंवा तोच आकडा ठेवला तरी भोक जास्त उघडतं. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत अमुक आकड्यावर भोक किती उघडायला हवं ते दिलेलं असतं, आणि त्या मापाच्या ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी भोकात घालून ते तपासता येतं. पुस्तिका नसेल तरी चालेल. मी ज्या दिवशी प्रमाण बसवलं त्याच दिवशी कोणती दांडी त्या फटीत नेमकी बसते ते पाहिलं आणि तो नंबर आकड्याशेजारी लिहून ठेवला. दर वसंतात तीच दांडी घालून बघते. सैल वाटली तर दांड्याची नटं आवळते. एवढ्यानं पुन्हा तोलून बघायची गरज बहुधा उरत नाही. नवं खत घेतलं की मात्र मोजणी नव्यानं, कारण दाण्याचा आकार बदललेला असतो. काही पिशव्यांवर एसजीएन नावाचा आकडा असतो, तो सरासरी व्यास मिलिमीटरमध्ये गुणिले १००. २१५ म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या थोडा खाली. पुढची पिशवी त्याच आकड्याच्या जवळपासची घेतली तर फेकही जवळपास तशीच राहते. ज्या पिशवीत बारीक भुकटी आणि जाड दाणे एकत्र दिसतात ती मी घेत नाही. जाड दाणे लांब जातात, भुकटी पायाशी पडते, आणि त्यांतली अन्नद्रव्यं वेगळी असतील तर एकाच फेरीत दोन निराळी खतं पडतात.

एक विनंती. बर्फ पडल्यावर ड्राइव्हवेवर मीठ टाकायला हाच स्प्रेडर बाहेर काढायचा मोह होतो. मीठ टाकायचंच तर त्यासाठी वेगळा, स्वस्त, प्लॅस्टिकचा हाती स्प्रेडर ठेवा. मिठाचे खडे ओबडधोबड असतात, तबकडीच्या कडा तोडतात, आणि एक हिवाळा लोखंडी आस खाऊन टाकतो. वसंतात त्याच हॉपरमधलं मीठ गवतावर जातं ते वेगळंच.

आणि कुणी गॅरेज सेलमध्ये जुना स्प्रेडर बघत असाल, तर रंग, गंजाचे डाग, हँडलचा फोम यांच्याकडे लक्ष देऊ नका. यंत्र उचलून जखडलेलं चाक हातानं फिरवा: तबकडी न अडखळता फिरली पाहिजे आणि वरखाली डुगडुगता कामा नये. डायल शून्यावर नेऊन हॉपरमध्ये टॉर्च धरा; खालून उजेड दिसला तर दांडा सैल आहे, तो आवळता येतो का विचारा. तबकडीची एखादी पट्टी तुटलेली असेल तर तो तुकडा त्या मॉडेलसाठी अजून मिळतो का, हे तिथंच उभं राहून फोनवर बघा. मिळत नसेल तर यंत्र फुकट दिलं तरी घेऊ नका. बाकी सगळं दुरुस्त होतं.